गार्डसाहेबांचा बंगला

पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकापाशी त्या संध्याकाळी गाड्या तुंबल्या, त्या काही फाटक बंद होतं म्हणून नव्हे. फाटक चांगलं उघडं होतं. पण उघड्या फाटकासमोर, रस्त्याच्या मधोमध, पासष्टीचे सुपडू आबा आपला तांबडा गमछा दोन्ही हातांनी ताणून उभे होते. समोर केळीचा ट्रक, ट्रकमागे चार रिक्षा, रिक्षांमागे लग्नाहून परतणारे बँडवाले. सगळे मिळून जे काही वाजवता येईल ते वाजवत होते. आबांवर काडीचा परिणाम नव्हता. भुसावळच्या सिग्नल केबिनमध्ये पस्तीस वर्षं त्यांनी मेलगाड्या थांबवल्या होत्या. केळीच्या ट्रकाची काय कथा.

आबांच्या पाठीमागून एक सरडा रस्ता ओलांडत होता.

सरडा म्हणजे कुंपणावर मान हलवणारा नि हाड म्हटलं की पळणारा, तो नव्हे. हा घोयरा. रंग बदलणारा, शेपटीची सुरळी करणारा आणि एका डोळ्याने जळगावकडे तर दुसऱ्याने भुसावळकडे पाहणारा. त्याची चालायची रीतही न्यारी. पुढचा पाय उचलायचा, तो हवेत धरून अंगाला झोके द्यायचे, मग बेत रद्द झाल्यासारखं मागे यायचं आणि पुन्हा तोच पाय उचलायचा. अशाने रस्ता संपायला रात्र झाली असती. शेवटी ट्रकवाला खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, त्याले उचली ल्या ना!"

ही सूचना आबांना पटली. त्यांनी काठी पुढे केली. सरडा तिच्यावर चढला, शेपटीने घट्ट विळखा घातला आणि रखडलेल्या लोकांवर एकेक डोळा फिरवू लागला. आबा म्हणाले, "गार्डसाहेब शे हाऊ. दोन्ही बाजू देखस."

अशा रीतीने गार्डसाहेब लोटनभाऊंच्या घरी आले.

लोटन सुपडू पाटील हे आबांचे एकुलते चिरंजीव, पाटबंधारे खात्याच्या जळगाव कचेरीत आरेखक. वीस वर्षांत त्यांनी कागदावर इतके कालवे काढले होते, की ते खरोखर खणले असते तर खानदेशात चालायला कोरडी जमीन उरली नसती. त्यांच्या रेघेला साहेब लोकही मानत. फक्त आबा मानत नसत. "एवढी धरनं काढी, एक तरी बांधं का?" असं ते मुलाला चारचौघांत विचारत, आणि लोटनभाऊंना त्या रात्री जेवण जात नसे.

आई गेल्यावर लोटनभाऊंनी आबांना भुसावळहून जळगावला आणलं, त्याला आठ महिने झाले होते. आबा आले, पण राहिले नाहीत. म्हणजे शरीराने होते. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना किती उशीर झाला ते तेवढं सांगत. बाकी बोलणं एकच, "मी जास भुसावयले." तिथं एका जुन्या सहकाऱ्याकडे खोली पाहून ठेवली होती. या अमावास्येनंतर जातो, त्या पौर्णिमेनंतर जातो, असं चालू होतं. सुनंदाबाईंनी, म्हणजे लोटनभाऊंच्या पत्नीने, नाना प्रकारच्या भाज्या करून पाहिल्या, सासऱ्यांना टीव्हीसमोर बसवून पाहिलं. आबा टीव्हीलाही पाठमोरेच बसत.

आणि त्या संध्याकाळी आबा घरात शिरले ते बोलतच. सरडा कसा चालतो ते त्यांनी स्वतः दिवाणखान्यात चालून दाखवलं, झोक्यासकट. मग ओट्यावरची एक माशी आपल्या नाकासमोर धरून, गार्डसाहेबांनी वीतभर लांबून जीभ कशी पिचकारीसारखी मारली, तेही दाखवलं. सुनंदाबाईंना सरपटणाऱ्या कशाचंही भयंकर वावडं. त्या स्टुलावर उभ्या होत्या. पण स्टुलावरूनच त्यांनी नवऱ्याला खूण केली आणि स्वयंपाकघरात, दुसऱ्या स्टुलावर उभ्या राहून सांगितलं, "अहो, आठ महिन्यांत पहिल्यांदा हसले ते. हा प्राणी राहिला पाहिजे. पण माझ्या घरात मोकळा फिरला तर मी धुळ्याला आईकडे जाईन. दोन्ही कसं जमवायचं ते तुम्ही बघा."

पहिली रात्र बुटांच्या खोक्यात काढायचं ठरलं. खोक्याला भोकं पाडली, आत कडुनिंबाची डहाळी ठेवली, वर कालव्यांच्या नियमपुस्तिकेचा पहिला खंड ठेवला. सकाळी खंड जागेवर, खोका जागेवर, गार्डसाहेब गायब. नऊ वाजता शेजारच्या प्रमिलाबाईंनी फोडलेल्या किंकाळीवरून त्यांचा ठावठिकाणा लागला. प्रमिलाबाईंची हिरवी नऊवारी दोरीवर वाळत होती आणि घडी करताना तिच्या काठाने त्यांच्याकडे डोळा फिरवला होता.

"पाटील भाऊजी, विषारी असतो तो!" प्रमिलाबाई कुंपणावरून सांगू लागल्या. "आमच्या भडगावला एका बाईवर नुसती त्याची सावली पडली, तर तिला आठ दिवस दोन दोन दिसत होते. दोन नवरे दिसायचे बिचारीला!"

समोरच्या बंगलीतले धनसिंग गिरासे दात घासत बाहेर आले. गिरासे बँकेत होते, मूळचे धुळ्याचे, आणि जगात जे जे काही होतं ते धुळ्याला त्याहून मोठं होतं. "हा कसला सरडा! आमच्या धुळ्याला असताना लळिंगच्या रानात मी हाताएवढे पाहिलेत. पण पाटील, याला पिंजरा लागतो. हवेशीर. काचेचा नको, गुदमरेल. आणि उंच पाहिजे. हा प्राणी आडवा फिरत नाही, उभा फिरतो."

"पिंजरा मी करणार," लोटनभाऊ म्हणाले.

आबांनी काठीवरच्या गार्डसाहेबांकडे पाहिलं आणि विचारलं, "करशी का काढशी?"

हा घाव वर्मी बसला. लोटनभाऊंनी आठवडाभर रात्रंदिवस बसून ट्रेसिंग पेपरवर पिंजरा काढला. समोरून, बाजूने, वरून आणि मधोमध कापून. नव्वद लांब, साठ रुंद, एकशेवीस उंच. सगळीकडून डासांची बारीक जाळी. दाराची रचना तर अशी, की कचेरीतल्या दोघा सहकाऱ्यांनी ती आळीपाळीने पाहिली. कालव्याच्या तोंडाशी असतो तसा उभा सरकणारा दरवाजा. बाहेर कप्पी, कप्पीवरून दोर, दोर आकड्याला अडकवला की दार वर, सोडला की दार धाडकन खाली. गार्डसाहेबांना निसटायला सूतभर फट नाही. खाली कोपऱ्यात, कचेरीच्या शिरस्त्याप्रमाणे, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत टीप: सर्व मापे सेंटिमीटरमध्ये.

दरम्यान, पिंजरा होईपर्यंत सुनंदाबाईंनी दिलेल्या मुदतीवर, गार्डसाहेब पडद्याच्या दांडीवर राहत होते आणि त्यांच्या जेवणाची जबाबदारी लोटनभाऊंवर होती. दिवसाला आठ-दहा टोळ. कचेरीत जाण्याआधी मोकळ्या प्लॉटवर, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात सुनंदाबाईंची पिठाची चाळण घेऊन लोटनभाऊ गवतात झेपा घालत. एकदा कार्यकारी अभियंत्यांची जीप तिथून गेली, थांबली आणि मागे आली. साहेबांनी काच खाली केली. "पाटील, काय चाललंय?"

"मातीचा नमुना घेतोय, सर," लोटनभाऊ म्हणाले. त्याच क्षणी नमुन्याने चाळणीतून उडी मारून साहेबांच्या मांडीवर बैठक घेतली. साहेबांनी टोळ चिमटीत धरून परत दिला. पण त्या दिवसापासून ते लोटनभाऊंशी जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले.

सुताराचं काम झुलाल मिस्त्रीकडे दिलं. झुलाल हा बांभोरीकडचा, अस्सल अहिराणी माणूस, हातात कसब, तोंडात सदानकदा बिडी. त्याने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाला, "भाऊ, हाई काय शे? धरन शे का?"

सरड्याचा पिंजरा आहे, असं एका सुताराला सांगणं लोटनभाऊंच्या जिवावर आलं. "प्राण्यासाठी आहे," ते भारदस्तपणे म्हणाले. "आकडे लिहिलेत त्याप्रमाणे कर. एक सूतही इकडं-तिकडं नको." आणि त्याच दुपारी गिरणा कालव्याच्या मोजणीसाठी चार दिवस भडगावला निघून गेले. देखरेखीला आबा होतेच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रिक्षातून उतरताना त्यांना वाटलं, आपण चुकीच्या गल्लीत आलो. घर दिसत नव्हतं. घराच्या जागी, अंगण भरून, दहा फूट उंचीचा, साडेसात फूट लांब आणि पाच फूट रुंद असा बाभळीच्या लाकडाचा एक जाळीदार मनोरा उभा होता. वर कप्पी, कप्पीला माणूस टांगता येईल असा दोर. मनोऱ्यात सुनंदाबाईंची कुंडीतली जास्वंद, अर्धा कडुनिंब आणि त्या सगळ्यात कुठंतरी गार्डसाहेब.

"हे काय केलंस?" लोटनभाऊ ओरडले.

झुलालने खिशातून नकाशा काढला. "आकडा तुमनाच शे, भाऊ. नव्वद, साठ, एकशेवीस. एक सूत इकडे नही, एक सूत तिकडे नही. देखी ल्या."

"अरे, ते सेंटिमीटर होते! तू इंचात केलंस?"

"इंचमाच करतस," झुलाल शांतपणे म्हणाला. "मना बाप इंचमा करे, मी बी इंचमा करस."

"पण एवढं मोठं कशाला, हे विचारावं तरी!"

"धरनं काढनारा मानूस. माले वाटनं, वाघ आनतीन."

लोटनभाऊ पिंजऱ्याच्या कडेला मटकन खाली बसले. आबा मात्र कंबरेवर हात ठेवून मनोऱ्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून आले. खांबाला धक्का देऊन पाहिला. दोर ओढून दार वर केलं, खाली सोडलं, पुन्हा वर केलं. केबिनमध्ये खटके ओढायची सवय अशी हातातून जात नाही. मग "हं" म्हणाले. या "हं"चा अर्थ काय, यावर लोटनभाऊंनी पुढं दोन दिवस विचार केला.

पिंजरा बघायला लोक येऊ लागले. पिंप्राळ्यातून, मग शहरातून, मग रविवारी भुसावळहून डबे घेऊन. वाघ कधी येणार, हे विचारून लोक सरड्याकडे ढुंकूनही न बघता परत जात, याचा आबांना राग येई. प्रमिलाबाईंना आपल्या खिडकीतून आता आकाशाऐवजी जाळी दिसत होती. तरी त्या रोज सकाळी डबीत दोन माश्या पकडून आणत आणि दोर जरासा ओढून दाराखालून आत सोडत. विचारलं तर म्हणत, "विषारी असला म्हणून काय उपाशी ठेवायचा?"

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते गिरास्यांच्या सल्ल्याने.

"पाटील, एवढं बांधकाम केलंत, परवानगी घेतलीत का?" गिरासे एका संध्याकाळी म्हणाले. "तुम्ही सरकारी नोकर. उद्या कुणी अर्ज टाकला तर? आमच्या धुळ्याला एकाने विनापरवाना कबुतरखाना बांधला. शेवटी कबुतरं राहिली, माणूस गेला."

"कुठं गेला?"

"नागपूरला. बदलीवर."

लोटनभाऊंना नियमात असण्याची फार ओढ होती. दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेत हजर. खिडकीत बेबाबाई नावाच्या कारकून बसल्या होत्या. त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, "काय सुरेख काढलाय हो!" लोटनभाऊंची छाती दोन इंच, आता इंचच म्हणायचे, फुगली. मग बेबाबाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. "प्रयोजन रिकामं आहे. राहतं घर, दुकान, गोठा की इतर?"

"इतर."

"इतर म्हणजे काय ते स्पष्ट लिहा."

लोटनभाऊंनी सुबक अक्षरात लिहिलं: सरडा (एक).

बेबाबाईंनी चष्मा पुसला. "स्वतः राहणार की भाडेकरू?"

"कोण?"

"सरडा."

असा काही अर्ज याआधी आला नव्हता, त्यामुळे तो तीन टेबलांवर फिरला आणि शेरा घेऊन परत आला: प्राण्यांच्या खात्याचा ना हरकत दाखला जोडावा. लोटनभाऊ गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दूध देतो?" नाही. "अंडी?" तो नर आहे बहुतेक. "मग आमच्याकडे येत नाही. जंगलात राहतो ना? वनखात्याकडे जा."

वनखात्याच्या कचेरीत लोटनभाऊंचं फार छान स्वागत झालं. तिथले बाबू अर्ज वाचत गेले तसे त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, सही तपासली, नकाशाच्या तिन्ही प्रती मोजल्या, शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि मगच म्हणाले, "पाटील साहेब, हा प्राणी पाळायला कायद्यानं बंदी आहे. लोक लपवून ठेवतात, आम्हाला पुरावा मिळत नाही. तुम्ही मात्र लेखी दिलंत. सहीनिशी. नकाशासह. तीन प्रतींत."

लोटनभाऊंच्या कानात रेल्वेची शिट्टी वाजली. "मग... मला तो अर्ज परत द्या."

"आता कसा देणार? आवक झाली ना."

घरी परत येताना लोटनभाऊंनी सायकल चालवली नाही, हातात धरून आणली. डोळ्यांसमोर निलंबनाचा कागद दिसत होता. वीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीवर एक सरडा. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी काळजी दुसरीच होती. गार्डसाहेब गेले की आबाही जाणार. रात्री त्यांनी हे सुनंदाबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातली चाळण खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी काल त्याला हाताने टोळ दिला. मी! आणि आता नेणार?"

चार दिवसांनी, भर सकाळी, दोन्ही खाती एकदम आली. वनखात्याकडून वनपाल आधार सोनवणे, हसतमुख पण कागदाला पक्के. नगरपालिकेकडून मोजणीचे एक निरीक्षक, हातात फीत. त्यांना पाहून गिरासे आले, गिरास्यांना पाहून प्रमिलाबाई आल्या.

"प्राणी दाखवा," सोनवणे म्हणाले.

लोटनभाऊंनी दोर ओढला, आकड्याला अडकवला. दार वर गेलं. सोनवणे आत गेले. कडुनिंब पाहिला, जास्वंद पाहिली. सरडा दिसेना. "रंग बदलून बसला असेल," म्हणत त्यांनी लोटनभाऊंना आत बोलावलं. निरीक्षकांना आतली मापं हवी होती, ते फीत घेऊन आत शिरले. "तुम्हाला नाही सापडायचा. आमच्या धुळ्याला असताना..." म्हणत गिरासे आत गेले. आणि प्रमिलाबाईंना आत काय चाललंय ते बाहेरून नीट ऐकू येईना, म्हणून त्याही गेल्या.

साडेसात बाय पाचमध्ये पाच माणसं आणि अर्धा कडुनिंब. फीत गिरास्यांच्या गळ्याभोवती गेली. सोनवण्यांचा हात प्रमिलाबाईंच्या अंबाड्याला लागला, तशा त्या "सापडला, सापडला!" म्हणून ओरडल्या. निरीक्षक वैतागून म्हणाले, "सापडो न सापडो, दोन्ही जप्त करून टाका. सरडा तुम्ही न्या, पिंजरा मोडून आम्ही नेतो. मोकळं व्हा!"

बाहेर दोर सुटल्याचा आवाज झाला. धाडकन दार खाली आलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जाळीच्या पलीकडे आबा उभे होते. दोराचं टोक त्यांच्या हातात होतं. त्यांच्या खांद्यावरच्या तांबड्या गमछ्यातून गार्डसाहेबांनी डोकं बाहेर काढलं होतं आणि ते एका डोळ्याने वनखातं, दुसऱ्याने नगरपालिका न्याहाळत होते.

"आबा, चुकून सुटला वाटतं," लोटनभाऊ म्हणाले. "ओढा जरा."

"चुकीसन नही," आबा म्हणाले. "मी सोडा."

निरीक्षकांनी दार उचलून पाहिलं. बाभळीचं लाकूड, झुलालचं काम, लोटनभाऊंची रचना. आतून एक सूत हललं नाही. "आजोबा, सरकारी कामात अडथळा येतोय! दार उघडा!"

"लाईन क्लिअर नही," आबा म्हणाले आणि ओट्यावर बसले.

ऊन चढलं. आत माणसं तापू लागली. कुंपणाबाहेर गर्दी जमली आणि वाघ बघायला आलेल्या लोकांना प्रथमच काहीतरी बघण्यासारखं मिळालं. कुणीतरी शेंगदाणे फेकले. गिरास्यांनी बँकेत कळवायला सांगितलं, पण नक्की काय कळवायचं ते त्यांना सुचेना. सुनंदाबाईंनी जाळीतून आत भांडं जाईना म्हणून रबरी नळी लावून पाणी दिलं, त्यात निरीक्षकांचा फॉर्म भिजला.

सोनवणे मात्र खाली बसले. पाठ खांबाला टेकवली आणि म्हणाले, "आबा, तुमचं म्हणणं काय ते तरी सांगा."

आबा उठून जाळीपाशी आले.

"याले डबामा घालीसन कचेरीमा नेशात?"

"नाही हो. आम्हाला तो ठेवायचाच नाही. त्याच्या जागी सोडायचा, बस."

"मंग ते मी सोडसू. जठे सापडना तठे. तुम्ही देखाले या."

"कबूल."

"मना पोऱ्यावर केस?"

सोनवण्यांनी लोटनभाऊंकडे पाहिलं. लोटनभाऊंच्या केसांत कडुनिंबाचा पाला होता, शर्टाला घाम होता आणि चेहरा असा, की कुणालाही दया यावी. "स्वतःहून येऊन लेखी कळवलं त्यांनी," सोनवणे म्हणाले. "तसंच लिहितो. वाचवलेला प्राणी मालकाने आपणहून निसर्गात परत सोडला. ताकीद देऊन मिटवतो."

आबांनी मान हलवली. मग निरीक्षकांकडे वळले. बोलायच्या आधी त्यांनी मनोऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं.

"आनि हाऊ मोडानं नही," ते म्हणाले. "हाई मना पोऱ्यानं बांधेल शे. वीस वर्ष नुसतं काढे. आते बांधं. देखा, पाच मानसं शेतस आत, तरी एक खिळा हालना नही."

लोटनभाऊ जाळीला नाक लावून उभे होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. पण तेवढ्यात एक शेंगदाणा नाकासमोरच जाळीवर येऊन आपटला, त्यामुळे ते राहून गेलं.

निरीक्षक म्हणाले, "मोडत नाही! तुमचा अर्ज विचाराधीन ठेवतो! आता उघडा!"

"लिही द्या," आबा म्हणाले.

तेव्हा पंचनामा पिंजऱ्यातच झाला, गिरास्यांच्या पाठीवर कागद ठेवून. त्यातलं एक वाक्य पुढं वनखात्यात बरेच दिवस तोंडी फिरत होतं: "सदर पिंजऱ्याची झडती घेतली असता आत पाच इसम मिळून आले. सरडा मिळून आला नाही."

त्याच संध्याकाळी आबा, सोनवणे आणि लोटनभाऊ फाटकापलीकडच्या बांधावर गेले. सुनंदाबाई आणि माश्यांची डबी घेऊन प्रमिलाबाईही मागोमाग आल्या. आबांनी काठी बाभळीला लावली. गार्डसाहेबांनी एक पाय उचलला, हवेत धरला, झोके घेतले, मागे आले, पुन्हा गेले. कुणीही घाई केली नाही. फांदीवर पोचल्यावर ते हळूहळू हिरव्याचे पिवळसर झाले आणि मग कुठली फांदी नि कुठले साहेब, ते कळेनासं झालं. प्रमिलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या की, बघा, विषारीच असतो, डोळ्यांत पाणी येतं.

त्यानंतरचे तीन-चार दिवस लोटनभाऊ कचेरीतून घरी येताना कोपऱ्यावरूनच ओट्याकडे बघत. आबा आहेत ना म्हणून. चौथ्या दिवशी ओटा रिकामा होता. लोटनभाऊ धावत अंगणात आले. आबांनी मनोऱ्यात आपली बाज टाकली होती. उशाशी पाण्याचा तांब्या, हाताशी आत वळवून घेतलेला दाराचा दोर, पायथ्याशी ट्रंक, वर अर्ध्या कडुनिंबाची सावली. चैत्र संपत आलेला, जळगावची हवा तव्यासारखी, घरात पंखा नुसताच गरम वारा ढवळत होता आणि पिंप्राळ्याचे डास रक्तगटही विचारत नव्हते. एकट्या त्या पिंजऱ्यात चहूबाजूंनी वारा होता आणि डास एकही नव्हता.

"भुसावयले अशी खोली भेटाव नही," आबा म्हणाले. "आत ये. दार लाय लवकर, डास येतीन."

त्या उन्हाळ्यात सारं घर हळूहळू पिंजऱ्यात गेलं. सुनंदाबाई दुपारी तिथं कुरडयांचा गहू निवडत. प्रमिलाबाई खिडकीतून बोलण्याऐवजी आतच येऊन बसत. गिरासे रोज संध्याकाळी येऊन, धुळ्याला यापेक्षा मोठा पिंजरा होता असं सांगत, पण जायला उठत नसत. आणि लोटनभाऊ बनियनवर बाजेच्या कडेला बसून वर्तमानपत्र वाचत. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. सुरुवातीला त्यांना लाज वाटली. मग बघणाऱ्यांची सवय झाली.

पावसाळा तोंडावर आला असताना एका दुपारी नगरपालिकेचा शिपाई पुना सायकलवरून आला. परवानगी मंजूर झाली होती. लोटनभाऊंनी कागद घेतला आणि पिंजऱ्यात बसल्या बसल्या मोठ्याने वाचू लागले. नकाशा मान्य. मापं मान्य. प्रयोजन, सरडा (एक), मान्य. आणि खाली अट क्रमांक चार: सदर बांधकामाचा वापर मानवी निवासासाठी करता येणार नाही, तसे आढळल्यास बांधकाम पाडून टाकण्यात येईल.

वाचता वाचता लोटनभाऊंचा आवाज बारीक होत गेला. आत बाज होती, ट्रंक होती, खुंटीला आबांचं धोतर होतं. सुनंदाबाईंनी गव्हाचं सूप हळूच पदराखाली घेतलं.

पुनाने घाम पुसला, खिशातून पेन्सिल काढली. "जागेची पाहणी करून शेरा लिहायचा आहे, साहेब. आत कोण राहतं?"

लोटनभाऊ आयुष्यात सरकारी कागदावर खोटं बोलले नव्हते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

बाजेवर आडवे झालेल्या आबांनी एक डोळा मिटलेलाच ठेवला आणि दुसरा उघडून पुनाकडे लावला.

"सरडा," ते म्हणाले.

पुनाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग वर तापलेल्या आभाळाकडे पाहिलं. अजून दोन पत्त्यांवर जायचं होतं, तेही थेट शिव कॉलनीपर्यंत. सुनंदाबाईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. त्याने तो सावकाश प्यायला, कप जाळीच्या दाराशी ठेवला, कागद सायकलच्या सीटवर टेकवला आणि लिहिलं:

"जागेवर समक्ष पाहणी केली. आत सरडा आहे. वयस्कर आहे. तब्येत ठणठणीत. वापर परवानगीप्रमाणेच."